सड्यावरचा हत्ती : कोकणातील कातळशिल्पे, शाळा आणि ड्रोन

राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या दगडी पठारावर, कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे आणि नेमक्या याच कारणाने तो त्याच्या पायाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. दिसते ती जांभ्यात, म्हणजे कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडात, खोदलेली एक उथळ रेघ. ती चार पावलांवर वळते, दगडाच्या खळग्यात हरवते आणि पुढे पुन्हा सुरू होते. तिच्या आतल्या बाजूला जलचर, पक्षी, चतुष्पाद अशा सत्तरच्या आसपास लहान आकृत्या आहेत आणि त्या मात्र वाकून पाहिल्या की ओळखू येतात. तपशील हाताशी आणि मूळ आकार नजरेबाहेर, अशी ही रचना आहे. ज्यांनी ती कोरली त्यांनी आपले काम एकदा तरी पूर्ण पाहिले असेल का, हा प्रश्न सड्यावर गेलेल्या बहुतेकांना पडतो आणि त्याचे उत्तर कोणाकडेच नसते.

या हत्तीसह कोकण किनारपट्टीवरील नऊ ठिकाणांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण आणि उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातील सात ठिकाणे, सिंधुदुर्गातील मालवण तालुक्यातले कुडोपी आणि गोव्यात कुशावती नदीच्या काठचे पणसायमळ. त्यापूर्वी पंधरा वर्षे मागे गेलो तर रत्नागिरीकडील या शिल्पांची नावे अभ्यासकांच्या लहानशा वर्तुळाबाहेर जवळपास कोणालाच ठाऊक नव्हती. हा बदल मोठ्या सरकारी मोहिमेने सुरू झाला नाही. काही हौशी शोधक, गावातल्या शाळा, कॅमेरा आणि ड्रोन एवढ्या सामग्रीवर त्याची सुरुवात झाली. या साधनांनी काय साधले, कोणत्या क्रमाने साधले आणि ती कुठे अपुरी पडतात, हे तपासणे हा या लेखाचा विषय आहे. माझे मत आधीच नोंदवतो : येथे यश आले त्याचे श्रेय तंत्रापेक्षा क्रमाला अधिक जाते आणि पुढची अडचणही क्रम उलटल्यानेच उभी राहते आहे.

सडा आणि त्याचे मालक

कोकणात गाव बहुधा खाली, झाडीत आणि पाण्याजवळ वसलेले असते आणि त्याच्या डोक्यावर जांभ्याचे विस्तीर्ण, सपाट पठार असते. त्याला सडा म्हणतात. पावसाळ्यात त्यावर डबकी साचतात, गवत वाढते, चार महिन्यांची फुले येतात; दिवाळीनंतर तोच सडा करपतो आणि एप्रिल-मेमध्ये त्यावर अनवाणी उभे राहणे अशक्य होते. शेतीच्या हिशोबात या जमिनीला फारशी किंमत नव्हती. गुरे चारायची, गवत कापायचे, पलीकडच्या गावी जाताना ओलांडायचा, एवढाच सड्याशी संबंध. किंमत आली ती नंतर : चिरेखाणींमुळे, सुरुंग लावून खड्डे करून केलेल्या हापूसच्या कलमांमुळे आणि प्रकल्पांसाठी होणाऱ्या जमीनखरेदीमुळे.

मालकी हा या प्रकरणातला सर्वांत गुंतागुंतीचा धागा आहे. बहुतेक शिल्पे खासगी जमिनीवर आहेत. खासगी म्हणजे एकाच मालकाची असे मात्र कोकणात क्वचित घडते. सातबाऱ्यावर सामाईक खातेदारांची डझनभर नावे असतात, त्यांतली काही माणसे हयात नसतात, वारस नोंदी रखडलेल्या असतात आणि जे हयात आहेत त्यांतले निम्मे मुंबईत असतात. अशा जमिनीवर कोणी वही, टेप आणि कॅमेरा घेऊन फिरू लागले की पहिली शंका येते ती जमीन जाण्याची. पुरातत्त्व खात्याच्या नावाने तर हमखास. शिल्प सापडले तर आपल्याला तिथे काही करता येणार नाही, या भीतीपोटी ते न दाखवणे, हा व्यवहार म्हणून समजण्यासारखा आहे.

शिल्पांच्या वयाबद्दल थोडक्यात. कोरीव रेषेत सेंद्रिय अंश शिल्लक नसल्याने तिचे कार्बन पद्धतीने थेट कालमापन करता येत नाही. आकृत्यांमध्ये गेंडा आणि पाणघोडा ओळखले गेले आहेत, जे आज या भागात नाहीत. शेतीशी संबंधित काहीही चित्रित झालेले नाही. सिंधुदुर्गातील कोळोशी येथील गुहेच्या उत्खननात दगडी हत्यारे मिळाली आहेत. या सर्वांवरून राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे तत्कालीन संचालक तेजस गर्गे यांनी सर्वांत जुनी शिल्पे इसवी सनापूर्वी १०,००० च्या आसपासची असावीत, असा अंदाज मांडला होता. हा अंदाज आहे. पर्यटकांना सांगतानाही तो अंदाज म्हणूनच सांगितला जावा.

प्रश्न मुलांनी विचारला

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी निसर्गयात्री संस्थेच्या माध्यमातून सडे पायी धुंडाळायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या हाती मोजक्याच ठिकाणांची माहिती होती. पुढे ५२ गावांतून शिल्पे नोंदवली गेली, पण त्यांतल्या सुमारे पाच गावांनाच आपल्या सड्यावर असे काही आहे याची आधीपासून जाण होती. बाकीच्या ठिकाणी शिल्पे माती आणि गवताखाली दबलेली होती. जिथे माहिती होती तिथेही ती सबंध गावाची नव्हती. एखाद्या गुराख्याची, सड्यावर गवत कापणाऱ्या एखाद्या म्हातारीची होती.

येथे शाळा कामी आली. शोधकांनी विद्यार्थ्यांना सांगितले की घरी जाऊन आजी-आजोबांना, गावातल्या जुन्या माणसांना विचारा, सड्यावर कुठे दगडात काढलेले चित्र पाहिले आहे का. हा उपाय वरवर साधा वाटतो, पण तो का लागू पडला याचा विचार केला पाहिजे. परक्या माणसाने विचारलेल्या प्रश्नामागे गावाला सातबारा दिसतो; नातवाने विचारलेल्या प्रश्नामागे तसे काही दिसत नाही. शिवाय कोकणात ज्याचा कर्ता ठाऊक नाही ते पांडवांनी एका रात्रीत केले, असे सांगण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे आजोबांकडे सांगायला काहीतरी असतेच आणि त्या गोष्टीतूनच जागेचा पत्ता लागतो : अमक्या वहाळाच्या वर, तमक्या पायवाटेच्या डाव्या हाताला. उपग्रहाच्या छायाचित्रात मातीखालची, बोटभर रुंदीची रेघ दिसत नाही. ती आजोबांच्या आठवणीत होती आणि तिथून ती काढण्याची किल्ली चौथी-पाचवीतल्या मुलाच्या हातात होती.

वारसा आणि शिक्षण यांची सांगड म्हणजे व्याख्यान, चित्रकला स्पर्धा आणि प्रभातफेरी, अशी आपल्याकडे समजूत आहे. या तिन्ही गोष्टींना माझा विरोध नाही, पण त्यांत विद्यार्थी हा ऐकणारा असतो. येथे तो माहिती आणणारा झाला. आणि एकदा मुलाने आणलेल्या माहितीवरून सड्यावर झाडू फिरला, माती हटली आणि खालून आकृती निघाली की ते शिल्प त्या घराचे, त्या वाडीचे होते. पुढे संरक्षणाच्या चर्चेत या आपलेपणाचा जो उपयोग झाला तो कोणत्याही फलकाने झाला नसता.

उंचीवरून पाहिल्यावर

दुसरा टप्पा नोंदणीचा. उपग्रहीय स्थाननिश्चितीमुळे प्रत्येक शिल्पाचे अक्षांश-रेखांश टिपता येतात, ही गोष्ट आता मोबाइलमुळे इतकी सरावाची झाली आहे की तिचे महत्त्व जाणवत नाही. ज्या सड्यावर झाड नाही, घर नाही, रस्ता नाही, तिथे मागच्या वर्षी सापडलेली जागा या वर्षी गवतात पुन्हा सापडत नाही, हे प्रत्यक्ष फिरणाऱ्यालाच कळते. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे येथे तर शिल्पाच्या परिसरात होकायंत्राची सुई चुकीची दिशा दाखवते. तिथे जुन्या पद्धतीने नोंद घेणाऱ्याची पंचाईतच झाली असती.

ड्रोनने मात्र वेगळीच गोष्ट केली. कशेळीचा हत्ती, बारसूची दोन वाघांमध्ये उभी असलेली मनुष्याकृती, जांभरूणच्या सड्यावरचा आकृत्यांचा समूह, हे सगळे पहिल्यांदा एका नजरेत आले. त्यातही वेळ सांभाळावी लागते. दुपारी सूर्य डोक्यावर असताना उथळ रेषा जांभ्याच्या रंगात विरघळून जाते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात प्रकाश तिरपा पडला की रेषेच्या एका काठाची सावली आत पडते आणि चित्र वर येते. एकमेकांवर बराचसा भाग येईल अशी अनेक छायाचित्रे वेगवेगळ्या कोनांतून घेतली की त्यांच्या जुळणीतून संगणकावर त्रिमित प्रतिरूप तयार करता येते आणि त्यात रेषेची खोली मोजता येते. असे प्रतिरूप काही वर्षांनी पुन्हा केले तर झीज किती झाली हेही कळेल. एकदाच केलेल्या प्रतिरूपाला सुंदर चित्रापलीकडे फारसा अर्थ नाही, हे अशा उपक्रमांना निधी देणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

या छायाचित्रांचा सर्वांत मोठा परिणाम अभ्यासकांवर झाला असे मानले जाते. मला तो गावांवर झाला असे वाटते. ज्या रेघांवरून गुरे नेली त्या रेघांचा मिळून हत्ती होतो, हे गावाने मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय माध्यमांनी दखल घेतली, राज्य सरकारने अभ्यासासाठी २४ कोटी रुपयांची तरतूद केल्याची बातमी आली आणि नोंदलेल्या शिल्पांची संख्या पुढे दीड हजारांच्या वर गेली. निसर्गयात्रीने रत्नागिरीत कातळशिल्पे आणि वारसा यांसाठी संशोधन केंद्र उभे केले. चार वर्षांत तात्पुरत्या यादीपर्यंतचा प्रवास झाला. भारतातल्या वारसास्थळांची नेहमीची गती पाहता हा वेग विलक्षण म्हटला पाहिजे.

नकाशावरची खूण आणि बारसू

या वेगाचीच दुसरी बाजू अशी की जागा प्रसिद्ध झाली, पण जागेची व्यवस्था झालेली नव्हती. कोणत्याही किल्ल्याला निदान दरवाजा असतो. सड्याला कडच नसते. चारचाकी गाडी डांबरी सोडून थेट दगडावर चढू शकते आणि चालकाला चाकाखाली काय आहे ते कळतही नाही. मोबाइलच्या नकाशावर कोणीतरी खूण टाकली की ती खूण पाहणाऱ्याला मालक कोण, कुठून चालावे, कुठे थांबावे यांतले काहीच सांगत नाही. छायाचित्रात रेषा उठून दिसावी म्हणून त्यात खडू, चुना किंवा रांगोळी भरण्याचा मोह होतो. तसे केल्याने दगडाच्या सच्छिद्र पृष्ठभागात बाहेरचे द्रव्य शिरते आणि पुढच्या अभ्यासाची वाट बंद होते. बूट घालून रेषेवर उभे राहून काढलेले छायाचित्र ही तर सर्वांत साधी आणि सर्वांत वारंवार होणारी हानी.

उक्षीने क्रम बरोबर ठेवला. हे गाव कोकण रेल्वेवर आहे, म्हणजे पोचायला सोपे आणि म्हणूनच धोक्याचेही. तिथल्या हत्तीभोवती जांभ्याच्याच दगडाचे कुंपण घालून तो बाहेरून, थोड्या उंचीवरून पाहता येईल अशी सोय झाली आणि त्यात ग्रामस्थांचा पुढाकार होता. खर्चाच्या मानाने हे काम लहान आहे. परंतु शिल्प कुठून पाहायचे हे गावाने ठरवले, पाहुण्याने नाही, हा त्यातला महत्त्वाचा भाग. देवीहसोळला हेच काम परंपरेने आधीच केलेले होते. आर्यादुर्गेच्या मंदिराजवळचे तिथले शिल्प गावाच्या श्रद्धेचा भाग असल्याने त्याच्या वाटेला सहसा कोणी गेले नाही.

बारसूचे प्रकरण याहून कठीण आहे. २०२२ मध्ये बारसू-सोलगाव परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव आला आणि एप्रिल २०२३ मध्ये मातीपरीक्षणाच्या वेळी सड्यावर मोठे आंदोलन झाले. प्रकल्प हवा की नको हा वाद रोजगार, आंबा, मासेमारी, पाणी अशा अनेक प्रश्नांचा होता आणि आहे. तो एकट्या शिल्पांवर तोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण या लेखाच्या विषयापुरते एक नोंदवले पाहिजे. शिल्पांचे क्षेत्र प्रकल्पातून वगळता येईल की नाही, यावर बोलताना दोन्ही बाजूंना ते क्षेत्र नेमके कोणते हे सांगणे भाग पडले आणि ते सांगता येत होते, कारण शिल्पांच्या नोंदी आधीच झालेल्या होत्या. पोर्तुगालमधल्या कोआ नदीच्या खोऱ्यातली अश्मयुगीन कोरीव चित्रे धरणाखाली जाण्याच्या बेतात असताना तिथल्या शाळकरी मुलांनी मोहिमेत भाग घेतला, धरणाचे काम थांबले आणि १९९८ मध्ये ते खोरे जागतिक वारसा झाले. तो दाखला कोकणात अधूनमधून दिला जातो. मात्र तिथे सरकारने लगोलग पुरातत्त्व उद्यान उभारले, हा भाग दाखला देणारे सहसा गाळतात. तात्पुरत्या यादीतले नाव स्वतः होऊन कोणत्याही जमिनीला संरक्षण देत नाही; ते राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याखाली किंवा केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली स्वतंत्रपणे घ्यावे लागते.

पर्यटनाचा हिशोब

रत्नागिरीला येणारा पर्यटक गणपतीपुळ्याला येतो, समुद्रासाठी येतो, मे महिन्यात आंब्यासाठी येतो. कातळशिल्प हा त्याच्या सहलीतला दीड-दोन तासांचा भाग असतो. गाडी येते, सड्यावर जाते, परत हमरस्त्याला लागते. गावात चहासुद्धा होत नाही. जमीनमालकाच्या पदरात यातून पडते ती वर्दळ. हे बदलायचे तर पाहण्याची वेळ आणि वाट या दोन गोष्टी गावाच्या हातात असायला हव्यात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, गावातल्या वाटाड्यासोबत, ठरावीक संख्येने आणि आधी नाव नोंदवून, असा नियम केला तर शिल्प नीट दिसते आणि सकाळच्या वेळेसाठी माणूस आदल्या रात्री गावात राहतो. न्याहारी, जेवण आणि राहण्याची घरगुती सोय यांतून जे येईल तेच या पर्यटनाचे खरे उत्पन्न.

नावनोंदणीचे हे काम मोबाइलवर सहज होते. माहितीफलकावर स्कॅन करायची चौकट लावून मराठीतले आणि मालवणी वळणाचे निवेदन ऐकवता येईल. गंमत म्हणजे खालच्या वाडीत रेंज नसते तेव्हा माणसे फोन लावायला सड्यावरच चढतात, त्यामुळे ही सोय तिथे चालण्याची शक्यता इतर ठिकाणांपेक्षा अधिक आहे. वाटाडे म्हणून गावातल्या महाविद्यालयीन मुलामुलींना तयार करावे, त्यांना मोजमाप, छायाचित्रण आणि प्रथमोपचार शिकवावेत. ‘हे अमुक हजार वर्षांपूर्वीचे आहे’ असे ठोकून न देता ‘अभ्यासकांचा असा अंदाज आहे, कारण हे’ असे सांगायची सवय लावावी. गेंड्याची आकृती दाखवून ‘आपल्याकडे गेंडा कुठे आहे?’ असा प्रश्न पाहुण्यालाच विचारणारा वाटाडा पाठ केलेले भाषण म्हणणाऱ्यापेक्षा शंभर पटीने उजवा.

जागतिक वारशाच्या मुख्य यादीसाठी प्रस्ताव पाठवायचा तर प्रत्येक ठिकाणाची निश्चित हद्द, तिच्याभोवतीचे संरक्षक क्षेत्र, कायदेशीर संरक्षण आणि व्यवस्थापनाची योजना कागदावर मांडावी लागते. नऊ ठिकाणे, दोन राज्ये, तीन जिल्हे आणि असंख्य सामाईक खातेदार यांना त्या कागदावर एकत्र आणणे हे ड्रोन उडवण्याहून कितीतरी अवघड काम आहे. ते ग्रामसभेतच होऊ शकते आणि त्यासाठी खातेदार गावात असावे लागतात. मुंबईकर चाकरमानी मोठ्या संख्येने गावी असतात ते गणपतीत आणि शिमग्याला. शिमग्याला सड्यावर नेऊन जागा दाखवता येते. गणपतीत सडा गवताने आणि पाण्याने झाकलेला असतो, शिल्पाची रेघही दिसत नाही. तेव्हा हद्दीची चर्चा करायची तर शाळेच्या वर्गात पडदा लावून, त्रिमित प्रतिरूपावर गट क्रमांकांच्या रेषा टाकून आणि कोणाच्या वाटणीत हत्तीचा कोणता पाय येतो ते दाखवूनच करावी लागेल.